आलेख जुळला, पण उंदीर कुठे गेले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या विज्ञान पुरवणीतला साथरोगांच्या गणिताचा लेख वाचला. मुंबईच्या प्लेगचा आलेख 'अचूक' जुळला याचे लेखकमहाशयांना फार कौतुक. मलाही आहे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले मृत्यू एका सूत्रात बसवणे सोपे नव्हे. आणि साथ थांबायला सगळ्यांनी आजारी पडावे लागत नाही, हे करमॅक-मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी १९२७ सालच्या निबंधात मांडलेले गणित आजही कामाला येते. पण माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची पडछाया आहे, आपली गृहीतके काटेकोरपणे खरी नाहीत आणि सूत्र अगदी ढोबळ आहे, असे त्याच दोघांनी त्याच निबंधात लिहून ठेवले आहे. ते सोयीस्करपणे गाळले. अख्ख्या पानात उंदीर एकही नाही!

मी प्राणिशास्त्राचा निवृत्त शिक्षक. मध्यंतरी एका महाविद्यालयातल्या व्याख्यानात हाच आलेख पडद्यावर आला, तेव्हा मी विचारले, "यात उंदरांचा प्लेग माणसाला देणारी पिसू कुठे आहे?" तरुण वक्ते म्हणाले, "काका, ती बीटामध्ये आली." बीटा म्हणजे सूत्रातला लागणीचा दर. सभागृह हसले. मला बसा म्हणाले, बसलो. पण अहो, तुमच्या बीटाला ऋतू कळत नाहीत, पिसवेला कळतात. उष्मा वाढला की पिसवा घटत, मुंबईतला प्लेग ओसरे आणि थंडीत पुन्हा डोके वर काढी. वर्षानुवर्षे हेच. सूत्रात मात्र तो ओसरतो सावज कमी पडले म्हणून! मग पुढच्या हिवाळ्यात कुठून उगवला? परळच्या प्रयोगशाळेत त्याच सुमारास उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतले गिनीपिग प्लेगपासून वाचत होते, कारण पिसवेची उडी तिथवर पोहोचत नव्हती. या कामाला लेखात एक ओळ मिळू नये? घरात उंदीर पडला की गाव सोडून रानात झोपड्या घालणाऱ्या आमच्या वाडवडिलांना तेवढे तरी ठाऊक होते.

जाता जाता, छापलेल्या आलेखाच्या उभ्या अक्षावर आकडेच नाहीत. त्या सूत्राचे शिखर आठवड्याला नऊशेच्या घरातले मृत्यू दाखवते. वाचकाने काय, नव्वद समजायचे? आणि गेल्या महिन्यात माझे पत्र छापताना आपण एक 'नाही' गाळून माझे मत नेमके उलटे केलेत. त्याचा खुलासा अद्याप आलेला नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज