विन्याला पत्र : ग्रॅब्थारच्या हातोड्याची शपथ

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. मालिका बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी लग्नाच्या पंगतीत लोक तुला 'अण्णासाहेब' म्हणतात, 'तो डायलॉग मारा ना' म्हणून मागे लागतात, आणि तू रंगभूमीवर काय काय केलंस ते कुणाला ठाऊकही नाही. तुझा त्रागा समजला. सल्ला देत नाही, एक सिनेमा सांगतो.

'गॅलेक्सी क्वेस्ट'. १९९९ सालचा, दिग्दर्शक डीन पॅरिसॉट. एक अंतराळमालिका कधीच बंद पडलीय आणि तिच्यातले नट चाहत्यांच्या मेळाव्यांत सह्या देत, दुकानांची उद्घाटनं करत पोट भरतायत. सगळा रोख 'स्टार ट्रेक' या गाजलेल्या अमेरिकन अंतराळमालिकेवर आहे, हे नाव न घेताही पाचव्या मिनिटाला कळतं. मग परग्रहावरून थर्मियन नावाचे लोक येतात. पृथ्वीवरच्या मालिका त्यांनी पाहिल्यात, पण खोटं बोलणं किंवा नाटक करणं हा प्रकारच त्यांना माहीत नाही. त्यामुळे ती मालिका म्हणजे त्यांच्या लेखी चक्क इतिहास! तो बघून त्यांनी हुबेहूब यान बांधलंय आणि आता शत्रूशी लढायला ते या नटांनाच घेऊन जातात. १९८७ साली 'रामायण' लागलं की टीव्हीला हार घालणारी माणसं आपण पाहिलीत, त्यामुळे आपल्याला हे थर्मियन फारसे परके वाटत नाहीत.

तुझा माणूस म्हणजे अलेक्झांडर डेन. अ‍ॅलन रिकमनने केलाय. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड रंगवलेला इंग्लिश नट, आणि मालिकेत काय, तर डोक्यावर रबरी कवटी चढवलेला परग्रहवासी डॉक्टर लाझारस. मेळाव्यात स्टेजमागे बसून तो कुरकुरतो की एकेकाळी मी नट होतो, रिचर्डला पाच वेळा पडदा वर गेला होता. घरी आला तरी ती कवटी डोक्यावरच, कडेने सोलवटलेली. काढायचाही कंटाळा आलाय बिचाऱ्याला. 'ग्रॅब्थारच्या हातोड्याची शपथ' हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि त्याला ते ऐकवत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या उद्घाटनात तेच म्हणायला लावतात. शपथेपर्यंत तो येतो, थांबतो, आणि मेल्यासारख्या आवाजात म्हणतो, 'काय ही बचत!' रिकमन स्वतः रंगभूमीवरचा मुरलेला नट, त्यामुळे त्या थांबण्यात काय काय आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त दिसेल.

यानावर क्वेलेक नावाचा एक पोरगा थर्मियन भेटतो. लाझारसच्या शिकवणीवर वाढलेला. डेन त्याला आधी झिडकारतो. पुढे त्या पोराला गोळी लागते. मरता मरता तो म्हणतो, मी तुम्हाला नेहमी वडिलांच्या जागी मानलं. आणि मग डेन तेच नकोसं झालेलं वाक्य उच्चारतो. हळू, एकेक शब्द तोलून, सूड घेईन असं वचन देत. तेच शब्द, तीच कवटी. मघाशी ज्याला हसलो त्यालाच आता घशात आवंढा येतो. विन्या, विडंबन म्हणवणारे बहुतेक सिनेमे ही जागा विनोद मारून उधळतात. यांनी एकदाही डोळा मिचकावला नाही. मला तो सिनेमा आवडतो तो या एका जागेसाठी.

बाकी गंमत भरपूर आहे. गाय फ्लीगमन म्हणून एक जण आहे, सॅम रॉकवेलने केलेला. मालिकेत तो एकाच भागात होता, पहिल्या जाहिरातीच्या आत मेलेला बिननावाचा शिपाई. खऱ्या यानावर तो धास्तावतो की मला आडनावच नाही, म्हणजे पहिला मीच जाणार! सिगर्नी वीव्हरच्या पात्राचं काम एवढंच की कॉम्प्युटर बोलला ते पुन्हा म्हणायचं, आणि ते ती हट्टाने करते. यानाच्या पोटात एक बोळ आहे, लोखंडी ठोकळे दाणदाण आपटणारा. तो तिथे का आहे? मालिकेत होता म्हणून. ती संतापून म्हणते, हा भाग ज्याने लिहिला तो मेला पाहिजे. यान उडवून देणारं घड्याळ बटण दाबूनही थांबत नाही, थेट १ वर येऊन थांबतं, कारण मालिकेत ते नेहमी तिथेच थांबायचं. आपल्या मालिकांच्या लेखकांना हे एकदा दाखवायला हवं.

शेवटी यान वाचतं ते घरात बसलेल्या एका शाळकरी चाहत्यामुळे. त्याला सगळे नकाशे पाठ. ज्याला मेळाव्यात नायकाने खेकसून हाकललेलं असतं, तोच संपर्कयंत्रावरून वाट सांगतो. विज्ञानकथावाल्यांनी या सिनेमाला ह्यूगो पुरस्कार दिला, तो उगीच नाही.

हिंदीत डब केलेला मिळाला तर बघू नकोस, रिकमनचा आवाज गेला की अर्धा सिनेमा गेला. आणि मोबाइलवर तर मुळीच नको. थिएटरात सुरुवातीला चित्र टीव्हीएवढं चौकोनी होतं, मग रुंदावलं, आणि नायकाला खरं अवकाश दिसतं तेव्हा पडदाभर पसरलं. घरी तेवढं मिळेलच असं नाही, तरी मोठ्या टीव्हीवर बघ, आणि वहिनींनाही सोबत बसव. त्यांना तो गाय फ्लीगमन आवडणार, पैज लाव.

पोरांना आशीर्वाद. बघून झाला की सविस्तर लिही, फोनवर उरकू नकोस.

तुझा,
बाळ्या