मंत्रीसाहेब, साप पोत्यात सापडतो पण सौदा मोबाईलवर होतो

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

साहेब, पेपरात अधूनमधून बातमी असतेच, मांडुळासह दोघे ताब्यात, बनावट गिऱ्हाईक पाठवून हॉटेलसमोर सापळा लावला वगैरे. स्टाफचं कौतुकच आहे. पण ही "पार्टी", म्हणजे घेणारे आणि विकणारे, जमते कुठे? यूट्यूबवर, फेसबुकवर, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपात. पोरं आत जातात आणि तसले व्हिडिओ तिकडे तसेच राहतात, खाली लोक बिनधास्त विचारतायत वजन किती, जिल्हा कुठला, नंबर टाका. मांडूळ साप दोन तोंडांचा, तो ठेवला की गुप्तधन मिळतं म्हणे! अहो त्याला दोन तोंडं नसतात, शेपूट बोथट असते एवढंच, बिचारा बिनविषारी साप, शेतातले उंदीर खातो.

त्याहून भारी म्हणजे हत्था जोडी. झाडाचं मूळ म्हणून विकतात, शेंदूर लावून, मंत्र मारून "सिद्ध" केलेली, घरात लक्ष्मी येईल म्हणून लोक देवघरात ठेवतात आणि असतं काय तर नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय (आता करा पूजा). २०१७ मध्ये हे उघड झालं तेव्हा मोठमोठ्या शॉपिंग साईटवरसुद्धा ही सापडली होती. घोरपड वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे, वाघ आहे तिथेच, किमान ३ वर्षं कैद. विकणाऱ्याचं सोडा, नुसती घरात ठेवणारासुद्धा अडकतो आणि त्याला पत्ताच नसतो.

आता सांगा, अशी लिंक दिसली तर पाठवायची कुठे? बिबट्या विहिरीत पडला तर वनखात्याची हेल्पलाईन १९२६, बँक खात्यातले पैसे ऑनलाईन गेले तर सायबरची १९३०, आणि मांडुळाच्या व्हिडिओचं काय, गावात कोणालाही विचारून बघा.

मेळघाटात वाघाच्या शिकाऱ्यांचा माग काढायला सायबर सेल केला होता ना तुमच्याच खात्याने, मोबाईलवरून माणसं शोधली. मग तसाच सेल प्रत्येक वनवृत्तात द्या, फक्त वाघासाठी नको, मांडूळ, घोरपड, स्टार कासव, पिंजऱ्यातले पोपट सगळ्यांसाठी. १९२६ ला जोडून एक व्हॉट्सॲप नंबर द्या, लोक स्क्रीनशॉट पाठवतील. आणि कंपन्यांना रीतसर नोटिसा काढा, सरकारने कळवल्यावरही पोस्ट ठेवली तर आयटी ॲक्टच्या कलम ७९ चं कवच (लोकांनी टाकलेल्या पोस्टला कंपनी जबाबदार नाही, हे) त्यांना राहत नाही, हे त्यांच्या वकिलांना चांगलं माहितीये. अटक किती हे तुम्ही सांगताच, पुढच्या अधिवेशनात लिंक किती काढायला लावल्या तेही सांगा.

आपला,
एक सर्पमित्र