विसरायला आधी ऐकू यावं लागतं

पुणे, रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. न.

खरं तर हे फोनवरच बोलायचं होतं. पण बाबा, फोनवर तुम्ही हल्ली तीनच गोष्टी बोलता, "हां", "बरं" आणि "आईला देतो". म्हणून पत्र. चष्मा लावून सावकाश वाचा. आई, तू मध्येच ओढून घेऊ नकोस, तुझी पाळी पुढे आहे.

दिवाळीतला तुळजापूरचा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. आदल्या रात्री आई मोरीत भांडी घासता घासता, नळ सोडलेला, पाठमोरी, म्हणाली, "उद्या सहाला गाडी येणार हं." सकाळी गाडी दारात, आम्ही सगळे आवरून तयार, आणि बाबा बनियन-लुंगीवर पेपर वाचत बसलेले. "अजून चार तास आहेत की," म्हणाले. आई वैतागली. "रात्रीच सांगितलं होतं की वो. हल्ली काही म्हणून ध्यानात राहत नाही यांच्या."

बाबा, एरवी अशा बोलण्यावर तुम्ही गप्प बसणारे नाही. त्या दिवशी बसलात. तुळजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतात. तुम्हाला आजी आठवत होती, हे मला न सांगता कळलं. शेवटची चार वर्षं ती रोज दिवेलागणीला पिशवी काखेत मारून "घरी जाते" म्हणत निघायची, स्वतःच्याच घरातून. तिला वेशीपासून हाताला धरून परत आणायचे ते तुम्हीच.

आता जरा सहा आणि दहा हे दोन शब्द एकापाठोपाठ म्हणून बघा. फरक एवढासा, पहिल्या अक्षराचा. 'स' म्हणजे नुसती बारीक फुंकर, ती नळाच्या पाण्यात विरून गेली. तुमच्या कानापर्यंत पोचला 'हा', बाकीचं मनाने भरून घेतलं, आणि ते 'दहा' तुम्ही रात्रभर चोख लक्षात ठेवलंत. सकाळी चार तासांचा हिशोबही बरोबर केलात. याला विसरणं म्हणत नाहीत.

मी मग चार दिवस तुमच्यावर पाळत ठेवली, रागावू नका. दादा बैठकीतून बोलला की तुम्ही वळता, छकुली बोलली की नुसती मान हलवता. थर्मामीटर काखेत वाजून वाजून बंद पडला, तुम्ही धरूनच बसलात. आणि भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम तुम्हाला चिठ्ठी दिली, अकरा जिन्नस, एकदा वाचायला सांगितली आणि काढून घेतली. तुम्ही मंगळवार बाजारातून अकराच्या अकरा आणलेत, वर कोथिंबिरीचे सुटे पैसे परत मागून घेतलेत. आजीला शेवटी शेवटी दोन जिन्नस सांगायची सोय नव्हती. एका चिठ्ठीवर निदान होत नाही हे मलाही कळतं, पण तपासायला सुरुवात कुठून करायची ते मात्र कळलं.

तुमचे कान सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या त्या शेडमध्ये राहिलेत. बत्तीस वर्षं जॉबर म्हणून, माग दुरुस्त करत, तुम्ही टॉवेलच्या मागांमध्ये उभे राहिलात. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षं काढले तर कान झिजतो, असं शास्त्र सांगतं. धोट्याचे माग एका शेडमध्ये चालू असले की आवाज शंभराच्या घरात जातो. कानात कापसाचा बोळा घालत होतात, त्याने फारसं काही अडत नाही. लहानपणी मी डबा घेऊन यायची तेव्हा तुम्ही सगळे खुणांनी बोलायचात, धागा तुटला तर एक खूण, कांडी संपली तर दुसरी. मला वाटायचं ही कारखान्याची वेगळीच भाषा आहे, मजेची.

कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते, तिच्यात केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात. बारीक, उंच आवाज पकडणाऱ्या पेशी आवाजाच्या माऱ्याने सगळ्यात आधी जातात आणि गेल्या की परत उगवत नाहीत. म्हणून दादाचा जाड आवाज पोचतो, छकुलीचा नाही. शब्दातली स, श, फ, थ ही अक्षरं गळतात. बोलतायत हे ऐकू येतं, काय बोलतायत ते कळत नाही. "ऐकू येतंय की मला" असं तुम्ही म्हणता तेव्हा तुम्ही खोटं बोलत नसता, एवढंच मला म्हणायचंय.

आणि याचा मेंदूशी संबंध आहे, तो असा. अर्धवट ऐकलेलं वाक्य जुळवायला मेंदू सगळी ताकद लावतो, मग ते साठवायला ताकद उरत नाही. त्यात माणूस हळूहळू चारचौघांत जायचं टाळतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची अशी १४ कारणं मांडली की ज्यांच्यावर काही करता येतं. ती सगळी हटवता आली तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज. त्यात सगळ्यात मोठा वाटा दोघांचा, प्रत्येकी ७ टक्के. एक वाईट कोलेस्टेरॉल, आणि दुसरं कमी ऐकू येणं. साखर, रक्तदाब, तंबाखू, एकटेपणा, कमी दिसणं, हेही त्यांत आहेत. बदाम नाहीत. दादाने पाठवलेला तो अक्रोडाचा मेसेज, 'दिसतो मेंदूसारखा म्हणून मेंदूला चांगला', तो पुढे पाठवू नका. त्या हिशोबाने काजू किडनीला द्यावा लागेल.

कानाला ऐकायचं यंत्र लावलं की सगळं टळतं असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं हेच तपासलं, २०२३ मध्ये त्याचा निकाल आला. सगळे मिळून पाहिलं तर यंत्रवाल्यांत आणि बाकीच्यांत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, वय जास्त, बीपी-साखर असलेले, त्यांच्यात यंत्र लावलेल्यांची बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. तुम्ही कोणत्या रांगेत बसता ते तुम्हीच सांगा. आणि समजा मेंदूला काडीचा फायदा झाला नाही, तरी छकुली काय म्हणते ते कळेल की.

कपाटाच्या खणात पडलेल्या त्या यंत्राचं मला माहीत आहे. त्या दुकानदाराने कान न तपासता, गल्ल्यावर बसल्या बसल्या दिलेलं. ते सगळंच मोठं करायचं, पंखा, भांडी, रिक्षा, आणि वर स्वतः शिट्टी मारायचं. तुम्ही काढून फेकलंत ते बरोबरच केलंत. या वेळी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं, कानात मळ तर साचला नाही ना ते बघायचं (तेवढ्यावरच भागलं तर शेंगा चटणीचा डबा मी नेणार), मग ऑडिओमेट्री. बंद खोलीत बसवून कोणता आवाज किती मोठा केला की ऐकू येतो, त्याचा आलेख काढतात. जे आवाज गळतात तेवढेच वाढवणारं यंत्र त्यावरून बसवून घ्यायचं. आणि ते लावल्या लावल्या गोड लागत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. कागद चुरगळला तरी दचकायला होतं. मेंदू ते आवाज विसरलेला असतो, त्याला काही आठवडे द्यावे लागतात. पहिले दिवस घरात दोन तास, मग वाढवत जायचं.

मला खरी काळजी कट्ट्याची आहे. तुम्ही सिद्धेश्वर तलावावर फिरायला जायचं का सोडलंत हे आई म्हणते तसं गुडघ्यामुळे नाही. तलावाला फेरी झाली की तुम्ही सगळे बसायचात, कोणीतरी काहीतरी बोलायचं आणि बाकीचे हसायचे. तुम्ही अर्धा क्षण उशिरा हसायला लागलात. ते तुमच्या लक्षात आलं असणार. माझ्या आलं होतं, गेल्या वर्षी मी सोबत होते तेव्हा.

आता आई. तू हसू नकोस, तुझीही यादी आहे. दहा वर्षं साखरेची मेटफॉर्मिन चालू आहे, आणि आपण पडलो शाकाहारी. या गोळीने वर्षानुवर्षांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, शाकाहाऱ्यांचं ते आधीच काठावर असतं. तळपायाला मुंग्या येतात म्हणतेस, दोनदा दूध उतू गेलं म्हणतेस, ते नुसतं वय असेलच असं नाही. बी-१२ आणि थायरॉइड, दोन्ही तपासून घे. यांच्यामुळे आलेला विसराळूपणा वेळेत उपचार केले तर पुष्कळदा मागे फिरतो. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही. बाबांचीही बीपीची गोळी "आज जड वाटतंय" म्हटल्यावर घ्यायची नसते, ती रोजची. मेंदूतल्या बारीक नसांचं नुकसान होताना जड-बिड काही वाटत नाही.

आणि तुला एक गंमत सांगायची होती. तू नेहमी म्हणतेस, "मी काय, सातवी शिकलेली." हैदराबादला सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासले, २०१३ मध्ये ते छापून आलं. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतसुद्धा हा फरक दिसला. आणि तू? अक्कलकोटच्या मावशीशी कन्नड, शेजारच्या अक्कांशी तेलुगू, आमच्याशी मराठी, भाजीवाल्याशी त्याच्या हिंदीत भांडण, हे सगळं दुपारी चारच्या आत. भाषा म्हणजे काही लस नव्हे, पण सोलापुरात राहून ही कसरत तुझी फुकट होत आलीय. छकुलीशी कन्नड बोलत जा. ती शिकेल, आणि तुझ्या चुका काढणारं कोणीतरी घरात येईल.

आई, तुझ्याकडे अजून एक काम. स्वयंपाकघरातून पाठमोरं बोलायचं नाही. नळ बंद कर, समोर ये, त्यांच्या दंडाला हात लाव आणि मग बोल. ओरडू नकोस, ओरडल्याने शब्द फाटतात. आणि "काही नाही, जाऊ दे" हे म्हणणं बंद. माणसाला सगळ्यात जास्त तेच लागतं.

मी १२ जानेवारीला येते, गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला. डॉक्टरांची वेळ यात्रा आटोपल्यावरची घेतली आहे. त्याआधी, १३ तारखेला, नंदीध्वजांच्या उंच काठ्या लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतील तेव्हा छकुलीला घेऊन आपण चालायचं. ६८ लिंगं कुठे कुठे आहेत ते तुम्हाला क्रमाने पाठ आहेत, मला निम्मीसुद्धा सांगता येणार नाहीत. गुडघे कुरकुरले तर मध्ये रिक्षा करू. छकुली प्रश्न फार विचारते, तेव्हा तिला उचलून कानाजवळ घ्या, किंवा तिला सांगा समोर उभी राहून विचार म्हणून. तिला मी ते शिकवलंय.

ट्रॅव्हल्स पहाटे सात रस्त्याला सोडते. घ्यायला येऊ नका म्हटलं तरी तुम्ही येणार, म्हणून वेळ लिहूनच देते.

सहा वाजता, बाबा. दहा नाही.

तुमची,
ताई