बंद इंजिनाची बॉक्स्टर घ्यावी का?

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. 2002 ची पोर्शे बॉक्स्टर एस, 3.2 लिटर, सहा गेअरची, रंगही तुझ्या आवडीचा. मालक म्हणतोय इंजिन गेलंय, बाकी गाडी एकदम चोख, आणि पाच हजार डॉलरला सोडायला तयार आहे. घेऊ का, असं तू विचारलंस. हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं.

मालकानं इंजिन गेल्याचं सांगितलं, पण ते कशानं गेलं हे त्यालाही ठाऊक नाही. "आयएमएस बेअरिंगच असणार" हा त्याचा अंदाज. या गाड्यांत काहीही बिघडलं की सगळे त्याच बेअरिंगचं नाव घेतात, आणि खरेदीचा सगळा हिशेब तर त्या कारणावरच उभा आहे.

त्या बेअरिंगचं प्रकरण खरं आहे. या इंजिनात क्रँकखाली एक मधली शाफ्ट असते, इंग्रजीत इंटरमीडिएट शाफ्ट, तीच आयएमएस. क्रँक तिला चेननं फिरवतो आणि तिच्या दोन टोकांकडून निघालेल्या चेन दोन्ही बाजूंच्या हेडमधले, व्हॉल्व्ह उघडणारे कॅम फिरवतात. फ्लायव्हीलकडच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग आहे. वर्षं गेली की सील सैल होतं, गरम ऑइल आत शिरून ग्रीस धुऊन नेतं, आणि छर्रे कोरडे घासायला लागतात. बेअरिंग फुटलं की शाफ्ट डगमगते, टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. सुरुवातीच्या मॉडेलांत हे बेअरिंग दुहेरी ओळीचं होतं, नंतर एकेरी आलं. तुझ्या 2002 च्या गाडीत एकेरीच असणार. अमेरिकेत याच एकेरी बेअरिंगवरून ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि 2013 मध्ये तडजोड झाली. त्या दाव्यात आलेले आकडे असे: एकेरी बेअरिंग फेल होण्याचं प्रमाण सुमारे 8 टक्के, दुहेरीचं 1 टक्क्याहून कमी. भरपाईची मुदत केव्हाच संपली, तिकडून आता काही मिळणार नाही. 2009 च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात तर ही शाफ्टच ठेवलेली नाही.

पण 8 टक्के म्हणजे सगळ्या गाड्या नव्हेत. हे इंजिन आणखी कितीतरी प्रकारे मरतं. हेडला तडा जाऊन ऑइल आणि कूलंट एकत्र होतं. बिगएंड बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं, खाल्लं जातं. चेनच्या प्लॅस्टिक पट्ट्या झिजून तुकडे पडतात. सिलिंडरला ओरखडे पडतात. यातल्या प्रत्येकाचा खर्च वेगळा.

ओरखडे पडले असतील तर आपल्या उद्यमनगरातला उपाय तिथं चालत नाही, हे मनात पक्कं ठेव. आपण काय करतो? बीडाचा ब्लॉक बोअर करतो, ओव्हरसाइज पिस्टन घालतो, नाहीतर नवं लायनर ठोकतो. या गाडीचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे आणि सिलिंडरची भिंत सिलिकॉनचे कण मिसळून ओतलेली आहे. होनिंग, म्हणजे भिंत घासून गुळगुळीत करणं, अशा बेतानं करतात की ते कडक कण वर राहावेत आणि पिस्टन त्यांच्यावरून सरकावा. तो थर एकदा खरवडला की साधं बोअर करून परत तसा होत नाही. नीट काम करायचं तर सगळी सिलिंडर कापून निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) कडक मुलामा दिलेल्या स्लीव्ह बसवाव्या लागतात, नवे पिस्टन घ्यावे लागतात. हे काम करणारी मशिन शॉप तिकडे मोजकी आहेत. मी या धंद्यात वाढलोय, तरी असा ब्लॉक माझ्या बोअरिंग मशिनवर चढवायची माझी तयारी नाही.

म्हणून ॲडव्हान्स द्यायच्या आधी मालकाकडून गाडी जॅकवर घ्यायची परवानगी माग. या गाडीला पुढे-मागे दोन डिक्क्या आहेत आणि इंजिन मधे दडलेलं, वरून काहीच कळत नाही. मागच्या डिकीत कूलंटचं झाकण आहे, ते आधी उघड. आत तपकिरी चिखल दिसला तर प्रकरण हेडचं किंवा ऑइल कूलरचं. मग ऑइल फिल्टर काढ, त्याचा कागद उलगडून उन्हात बघ आणि चुंबक फिरव. चुंबकाला चिकटणारा चकचकीत भुगा म्हणजे पोलाद, बेअरिंगचा संशय. न चिकटणारा पांढरट भुगा पिस्टन नाहीतर सिलिंडरचा. तांबूस चकाकी दिसली तर बिगएंड. त्यानंतर क्रँकपुलीच्या बोल्टला 24 चा पाना लावून इंजिन हातानं घड्याळाच्या दिशेनं सावकाश फिरव. अडलं तर तिथंच थांब, जोर लावू नकोस. शेवटी प्लग काढून बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा, आत सोड. पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हचे ठसे आहेत का आणि भिंतीवर उभ्या रेघा आहेत का, ते बघ. स्टार्टर मात्र कुणालाही मारू देऊ नकोस, मालकालासुद्धा. टायमिंग सुटलेलं असेल तर उरलेले व्हॉल्व्हही वाकतील.

एवढं बघू द्यायला मालक तयार नसेल तर गाडी सोडून दे. यात मी भीड ठेवणार नाही.

आता पैसे. तुझ्या गॅरेजवाल्यानं पूर्ण इंजिन बांधायचे अठरा हजार सांगितलेत, म्हणजे गाडी तेवीसला पडणार. तूच लिहिलंयस की अशीच चालती गाडी, बेअरिंग बदलल्याच्या पावत्यांसकट, चौदाला मिळतेय. जुनं इंजिन आणून बसवायचं तर त्यातही तेच बेअरिंग आणि तेवढंच वय. गेअरबॉक्स खाली असतानाच बेअरिंग, मागचं क्रँकसील आणि क्लच बदलून घेतलेस तरी आतली सिलिंडर कशी आहेत याची हमी कोण देणार?

गाडी चालवायचीच हौस असेल तर चौदा हजारवाली घे, असं मी डोळे मिटून सांगेन. पण तू मेसेजच्या शेवटी लिहिलंस की लेकीला इंजिन उघडायला शिकवायचंय, हिवाळाभर दोघांनी गॅरेजमध्ये बसायचंय. ते वाचून मी थांबलो. आपण पॉलिटेक्निकला असताना आमच्या शेडमध्ये रात्र रात्र बसायचो, त्यातूनच तू आज जो आहेस तो झालास असं मला मनापासून वाटतं. लेकीला ते मिळावं ही इच्छा लहान नाही, आणि तिच्यासाठी पैसे घालवणं मला चूक वाटत नाही. मग फक्त किंमत वेगळी धर. इंजिनाची किंमत शून्य, बॉडी, गेअरबॉक्स, चाकं आणि छत यांचेच पैसे. माझ्या मते साडेतीन हजारांच्या वर जाऊ नकोस. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, स्वच्छ आहे का, त्यावर कर्ज आहे का, हे कागदावर बघ. आणि गाडी एका वर्षात रस्त्यावर आलीच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. वहिनींना खरा आकडा आधीच सांग, गॅरेजमधली त्यांची जागा वर्षभर जाणार आहे.

शनिवारी बघायला जाशील तेव्हा लेकीला सोबत ने. फिल्टरचा कागद तिला उलगडू दे आणि भुग्याचे जवळून फोटो काढून मला लगेच पाठव. तुझी सकाळ म्हणजे माझी संध्याकाळ, मी शेडमध्येच असेन. फोटो बघून मी फोन करेपर्यंत त्याला एक डॉलरही देऊ नकोस.

आईंना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
उद्यमनगरचा मित्र