मूकपट विकायचे कसे, हे आधी आपण शिकू

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतला मूकपटांवरचा लेख वाचला. थिएटरमालकांना फक्त गल्ल्याची भाषा कळते, म्हणून मूकपट पडद्यावर येत नाहीत, असा त्याचा सूर. मी नोकरीभर वितरकाचा प्रतिनिधी म्हणून याच मालकांचे उंबरे झिजवले. त्यांना गल्ला कळतो, हे खरंच आहे. पण आपण मूकपटप्रेमी त्यांच्याकडे 'अभिजात', 'वारसा' असले शब्द घेऊन जातो. मालक चहा पाजतो आणि वाटेला लावतो. त्याचं काय चुकलं?

मूकपटांच्या काळातले हॉलिवूडचे वितरक असे भाबडे नव्हते. चित्रपटासाठी प्रेसबुक निघायचं. त्यात वर्तमानपत्रात जशीच्या तशी देता येईल अशी बातमी, जाहिरातींचे तयार नमुने आणि गावात हवा कशी करायची याच्या नाना युक्त्या असत. २७ बाय ४१ इंचांचं पोस्टर आणि थिएटरच्या दालनात लावायची ११ बाय १४ ची लॉबी कार्डं मागवता येत. एडिसन कंपनी तर १९०९ पासून संगीताच्या सूचना देत होती. पुढे क्यू शीट आली: पडद्यावर मजकुराची कोणती पाटी आली की कोणती चाल धरायची, हे त्यात लिहिलेलं. पियानोवाल्यानं चित्रपट आधी पाहिलेला नसला तरी वेळ निभावून जाई. 'एक्झिबिटर्स हेरल्ड' या व्यवसायपत्रात १९१६ पासून मालकच चित्रपट कसा चालला ते लिहू लागले. वितरकाच्या जाहिरातीपेक्षा दुसऱ्या मालकाचा शब्द केव्हाही वजनदार! (दांडगाईही होती म्हणा. एका मोठ्या ताऱ्याच्या चित्रपटासाठी सुमार चित्रपटांचा गठ्ठा गळ्यात मारत. त्याला वैतागूनच अमेरिकेतल्या मालकांनी १९१७ मध्ये 'फर्स्ट नॅशनल' ही स्वतःची कंपनी काढली.)

मालकाचा पहिला प्रश्न असतो, 'शो सुटणार कधी?' इथेच आपली बोबडी वळते. ३५ एमएम फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम). हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ चौकटींनी चालवलं तर जवळजवळ १७ मिनिटं पुरतं, बोलपटाच्या २४ च्या वेगानं ११ मिनिटांत संपतं. म्हणजे सहा रिळांचा चित्रपट १०० मिनिटांचा की ६७ चा, हे वेगावर ठरतं. कॅमेरे हातानं फिरवत, त्यामुळे सगळ्यांचा वेग एक नसे. भलत्या वेगानं माणसं तुरुतुरु पळताना एकदा पाहिली की मालक मूकपटाचं नाव काढत नाही. आता डिजिटल प्रत येते, वेग ती बनवतानाच ठरतो. तरी कोणत्या वेगानं बनवली आणि नेमकी किती मिनिटं, हे पत्राच्या पहिल्या ओळीत हवं.

दुसरा प्रश्न आवाजाचा. एका मालकाच्या केबिनमध्ये मी 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मधला (१९२८) वादळाचा प्रसंग लॅपटॉपवर लावला. घराची अख्खी दर्शनी भिंत नायक बस्टर कीटनवर कोसळते आणि खिडकीच्या मोकळ्या चौकटीमुळे तो तसाच उभा राहतो. आवाजाविना मालक अर्धा फोनमध्येच. मग सोबत आणलेल्या कीबोर्डवाल्याला बसवून तोच प्रसंग पुन्हा दाखवला. भिंत पडली तसा मालक खुर्चीतून पुढे सरकला. नंतर विचारलं, 'हा किती घेईल?' आमच्या धंद्यात हा होकारच.

'शिराझ' (१९२८) या मूकपटाला २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांचं नवं संगीत मिळालं, तेव्हा पोस्टरवर आजचं एक नाव आलं. मालकाला असं काही दाखवा. आणि जुना चित्रपट हक्कमुक्त असला तरी नव्या संगीताचे हक्क संगीतकाराकडे असू शकतात. ती परवानगी लेखी घेऊनच त्याच्याकडे जा, नंतरची कटकट त्याच्या माथी नको. शनिवार-रविवारचा संध्याकाळचा शो तर मागूच नका. आठवड्यातली मॅटिनी मागा, ती तशीही रिकामी जाते.

आपल्यालाही एक विनंती. चित्रपटांच्या वेळापत्रकात मूकपट असेल तेव्हा नावाशेजारी तो किती मिनिटांचा आणि साथीला कोण, एवढं छापावं. एका ओळीत बसतं.

आपला,
एक निवृत्त वितरण प्रतिनिधी