चि. मुक्तास, नव्या कामावर रुजू होण्याआधी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, केंद्र स्मृतिभ्रंशाच्या संशोधनाचं, पण माझ्या वाट्याला फायली. संशोधन करणार दुसरेच." मी गप्प बसलो. अशा केंद्रांचा कारभार सांभाळण्याचं जे काम मी सव्वीस वर्षं केलं ते फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून हे पत्र.

फायलींपासूनच सुरुवात करतो. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिला नाव विचारलं. "ऑगस्टे." आडनाव? "ऑगस्टे." नवऱ्याचं नाव? त्यालाही अडखळत तेच उत्तर. हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. १९०६ मध्ये ती वारली, त्यांनी तिचा मेंदू तपासला आणि पुढे त्या आजाराला त्यांचं नाव मिळालं. फाइल मात्र कुठे गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं. ती सापडली १९९५ मध्ये, फ्रँकफर्टलाच, जुन्या दप्तरात. मधे दोन महायुद्धं झाली, तरी ती रद्दीत गेली नाही. ती कुणीतरी राखली, असंच मी मानतो.

अमेरिकेत १९८६ मध्ये ननांचा अभ्यास सुरू झाला, त्यात ६७८ जणी होत्या. त्यांच्यापैकी काहींनी विशीत लिहिलेली आत्मकथनं मठाच्या कपाटात जपलेली होती. ज्यांच्या त्या लिखाणात विचारांची दाटी, म्हणजे ठरावीक शब्दांत मांडलेल्या कल्पना, कमी होती, त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमर अधिक आढळला. अभ्यासाच्या साठेक वर्षं आधी ते कागद नीट लावून ठेवणाऱ्यांना याची काय कल्पना असणार?

पण बाळा, तुझं खरं काम कागदापेक्षा माणसांशी आहे, आणि त्यातही निरोगी माणसांशी. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमिलॉइड प्रथिनाची सुरुवात विसरभोळेपणा दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी होते. म्हणून ज्यांना आज काहीच झालेलं नाही, त्यांनी दरवर्षी यायचं, त्याच चाचण्या द्यायच्या, रक्त द्यायचं, एमआरआयच्या नळीत पडून राहायचं. त्यांना स्वतःला यातून बहुधा काहीच मिळत नाही. "मी ठणठणीत आहे, मग कशाला येऊ?" असं ते विचारतात आणि त्यांचं चूक नसतं. त्यांना उत्तर देणारं माणूस तू असशील.

आता एक गोष्ट नीट लक्षात घे, कारण ती मला फार उशिरा कळली. यायचं कोण थांबवतं? ज्याला तारीख आठवेनाशी झाली आहे, ज्याला रस्ता चुकण्याची धास्ती वाटते, ज्याला मागच्या वर्षीच्या चाचणीत शब्द आठवले नाहीत म्हणून लाज वाटते, तो. म्हणजे ज्याच्यात बदल घडतो आहे, नेमका तोच गळतो. मागे राहतात ते धडधाकट. मग आकडेवारी सांगू लागते की वय वाढलं तरी सगळं छान चाललंय. हे खोटं कुणी मुद्दाम लिहिलेलं नसतं, रिकाम्या खुर्च्यांमुळे ते तयार होतं. त्यामुळे एखाद्या आजीसाठी गाडी पाठवणं, तिच्या मुलाला सुटी मिळेल असा वार ठरवणं, नाहीच जमलं तर चाचणी घेणाऱ्याला तिच्या घरी धाडणं, याला मी कधी वरकड खर्च म्हटलं नाही. अंदाजपत्रकात त्यावरच काट मारायचा आग्रह होईल. तिथे वाद घाल.

संमतिपत्राबद्दल थोडं. सही एकदा होते, संमती दर भेटीला घ्यावी लागते. पाच वर्षांपूर्वी समजून सही केलेला माणूस आज सुई पाहून हात मागे घेत असेल, तर ते 'नाही' आहे. नातेवाईक म्हणोत, सही आहे ना, तरी थांबायचं. आणि पुढे आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे त्याच्याकडून तो शाबूत असतानाच विचारून ठेव.

मेंदूदानाचे फोन, म्हणजे मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनाला देऊ केलेल्यांच्या घरून येणारे, बहुतेक वेळा रात्री येतात. मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढून घ्यावा लागतो, म्हणून कुणाला उठवायचं ती यादी कागदावर, फोनशेजारी हवी. पलीकडे नुकतंच आपलं माणूस गेलेलं कुणीतरी बोलत असतं. आधी त्यांचं ऐकून घ्यायचं, बाकीचं मग.

एक चूक तुला सांगायची राहून गेली होती. मी आधी ज्या केंद्रात होतो तिथून एका गृहस्थांना वार्षिक तपासणीचं आठवणपत्र गेलं. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यांच्या पत्नीने कळवलंही होतं, पण तो निरोप एका वहीत आणि पत्त्यांची यादी दुसऱ्याच संगणकात. त्या बाई ते पत्र घेऊन स्वतः आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अकरा वर्षं एकदाही चुकले नाहीत ते. यंदाही आले असते." मला खुर्चीत बसवेना. त्या दिवसापासून मृत्यूचा प्रत्येक निरोप मी स्वतः घेऊ लागलो, त्याच दिवशी यादी बदलू लागलो आणि सांत्वनाचं पत्र हाताने लिहू लागलो.

अनुदानाचे अहवाल, एथिक्स कमिटीची (संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना, हे पाहणाऱ्या समितीची) मुदत, नेमणुका, हे सगळं तू शिकशील, त्याची मला चिंता नाही.

सोमवारी रुजू झालीस की एवढं विचारून घे. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये त्या माणसांचं वर्षानुवर्षांचं रक्त ठेवलेलं असतं. शनिवारी रात्री वीज गेली, तर अलार्म कोणाच्या फोनवर वाजतो? नेमकं नाव कुणाला सांगता आलं नाही, तर तुझा नंबर दे. आणि रात्री मला फोन कर, मी जागा असेन.

तुझा,
बाबा