पणजीतल्या त्या दोघांना

पणजीच्या पुराभिलेखागारात माझ्यासाठी बाडं चाळणाऱ्या दोघांनो, ठरलेले पैसे पोचले, आभार मात्र राहिले होते. 1595 साली सुरू झालेल्या, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कौतूने आधी सांभाळलेल्या त्या दप्तरात नागपुरात बसून मी कुठवर पोचणार होतो?

शाई मागच्या बाजूला उतरलेली पानं तुम्ही खाली कोरा कागद सरकवून स्कॅन केलीत. पानांचे आकडे, समासातले शेरे, अगदी कोऱ्या पाठीसुद्धा सोडल्या नाहीत. एवढं मी सांगितलंही नव्हतं. उत्तर गोव्यातला पेडणे महाल 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, त्यानंतरच्या एका कागदावर पोर्तुगीज मजकुराखाली आमच्या पूर्वजांची मोडी सही निघाली. बाबा त्या सहीवरून बराच वेळ बोट फिरवत होते.

देव बरें करूं.